कुलाब्यावरची १७२१ ची इंग्रज-पोर्तुगीज स्वारी का फसली आणि पुढे काय झाले

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कोल्हापूरहून मित्रांसोबत अलिबागला गेलात, कुलाबा किल्ला पाहिला, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी पोर्तुगीजांच्या दगाबाजीमुळे फसली असे तिथे माहिती सांगणाऱ्याने आपल्याला सांगितले. आपल्या एका मित्राने कुठेतरी वाचले होते की वादळ झाले, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की किल्लाच अभेद्य होता. यांतले खरे काय, या पराभवाचे परिणाम पुढे कोणावर झाले, आणि आपल्या कोल्हापूरच्या गादीचा या प्रकरणाशी काही संबंध होता का, असे आपण विचारले आहे.

माझी नोकरी नौदलात जलसर्वेक्षणाच्या कामात झाली. पाण्याची खोली मोजणे, भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवणे, खडक आणि वाळूचे पट्टे नकाशावर घेणे, हे ते काम. निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहतो आणि महाविद्यालयातील मुलांना किनारी किल्ले दाखवायला नेतो. त्यामुळे माझे उत्तर दरबारी पत्रव्यवहाराकडून कमी आणि किनाऱ्याकडून जास्त येईल, हे आधी सांगतो. मला जो प्रश्न खरा वाटतो तो असा : इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार युद्धनौका, मुंबईकर ईस्ट इंडिया कंपनीची तरांडी (जहाजे), गोव्याच्या व्हाइसरॉयची फौज आणि दोन्ही बाजूंची मिळून सुमारे सहा हजार माणसे एवढी तयारी असताना, किनाऱ्यावरून डोळ्यांनी दिसणारा, ओहोटीला पायी गाठता येणारा किल्ला का घेता आला नाही? दगाबाजीचा मुद्दा त्याच्या पोटात येतो, पण तो पहिला नाही.

पार्श्वभूमी लवकर उरकतो. मराठा आरमाराचे प्रमुख, म्हणजे सरखेल, कान्होजी आंग्रे यांचे म्हणणे असे होते की कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे. इंग्रजांना ते मान्य नव्हते. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांचा माल स्वतःच्या निशाणाखाली नेऊन तोही दस्तकातून सोडवावा असा त्यांचा प्रयत्न असे. १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बून याने हे प्रकरण तोफेने मिटवायचे ठरवले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर असे तीन हल्ले झाले आणि तिन्ही फसले. १७२० च्या मोहिमेसाठी तर मुंबईत सपाट तळाचा, जड तोफांचा एक तरंगता मोर्चा खास बांधून नेला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. प्रत्येक अपयशातून बूनने एकच निष्कर्ष काढला, तो म्हणजे आपली जहाजे आणि तोफा कमी पडल्या. म्हणून चौथ्या खेपेला त्याने इंग्लंडहून राजाच्या आरमाराची मदत आणवली आणि पोर्तुगीजांशी करार केला. कमोडोर टॉमस मॅथ्यूज 'लायन', 'सॉल्सबरी', 'एक्सेटर' आणि 'शोरहॅम' या नौका घेऊन १७२१ च्या सप्टेंबरात मुंबईत पोचला. गोव्याहून व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जोझे द सांपायो इ कास्त्रो स्वतः आला. इंग्रजांच्या जमिनीवरील फौजेचा प्रमुख रॉबर्ट कोवन होता. सगळे चौलला, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातील रेवदंड्याच्या परिसरात, एकत्र झाले आणि तिथून डिसेंबरात कुलाब्याकडे सरकले.

आता वादळाचे पाहू. डिसेंबरचा उत्तरार्ध हा कोकण किनाऱ्यावर वर्षातला सर्वांत शांत काळ असतो. रात्री ते सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर वायव्येकडून मध्यम वारा, आणि समुद्र बहुतेक सपाट. मोहिमेसाठी हाच हंगाम निवडण्यात इंग्रजांनी शहाणपणा दाखवला होता. तेव्हा आपल्या मित्राने वाचलेले वादळ बाजूला ठेवावे.

अभेद्यतेचे मात्र नीट पाहायला हवे, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. कुलाबा काही सिंधुदुर्गासारखा खोल पाण्यातला किल्ला नाही. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये, त्याचे बांधकाम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुढे गेले. तट फार उंच नाहीत. मोठमोठे चिरे सांध्यात चुना न भरता एकमेकांवर रचलेले आहेत, हे आपण पाहिले असेलच; लाटेचे पाणी फटींतून आत-बाहेर करते आणि तटावरचा मार कमी होतो. उत्तरेला सर्जेकोट हा छोटा कोट आणि समोर किनाऱ्यावर कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला हिराकोट. म्हणजे डोंगरी किल्ल्यासारखा कडा नाही, जंजिऱ्यासारखे बारमाही पाणी नाही. त्याचे खरे संरक्षण आहे ते भोवतीचे उथळ पाणी, आणि ते दिवसातून दोनदा येते व दोनदा जाते.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून मी मुलांना एक गोष्ट करायला लावतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याच्या वाटेवर वाळूत एक काठी रोवायची, आणि किल्ला पाहून परत येताना त्या काठीपाशी पाणी कुठे आहे ते पाहायचे. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त फरक पडतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीवर जाताना सगळे कोल्हापूर श्वास रोखून बसते. अलिबागला तर तेरा-चौदा फूट पाणी दिवसातून दोनदा चढते आणि कोणी मान वर करून पाहत नाही. शिवाय ते एकसारखे चढत नाही. आम्ही बाराव्या हिश्शाचा हिशेब धरतो : सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण वाढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी वाढ, जवळजवळ पुरुषभर पाणी. आणि ते समोरून येताना दिसत नाही. आधी वाळूतल्या खोलगट पन्हाळी भरतात, त्या बहुधा चालणाऱ्याच्या मागच्या बाजूला असतात, आणि पुढे कोरडी वाळू दिसत असताना मागची वाट गेलेली असते. खडकांवर कालवांचा थर असतो. अनवाणी माणसाचे पाय कापतात आणि बुटाचा माणूस घसरतो.

आता या जागी शिड्या, बंदुका आणि दारूची पिंपे घेतलेली एक फौज ठेवून पाहा. तिला ओहोटीच्या आधी-नंतरचे मिळून फार तर चार-पाच तास मिळणार. त्यात चालत जाणे, शिड्या लावणे, तट चढणे किंवा दरवाजा फोडणे, आणि जमले नाही तर परत येणे, हे सगळे बसवायचे. तट चढून गेल्यावर कुमक हवी असेल तर ती पुढच्या ओहोटीला. आणि मोठ्या नौकांनी जवळ येऊन तोफांची साथ द्यावी म्हटले तर पन्नास तोफांच्या नौकेला तरंगायलाच पाच मीटरच्या आसपास पाणी लागते. खाली थोडी मोकळी जागा ठेवून, उतरत्या पाण्यात अडकू नये म्हणून आणखी काही राखून, ती जिथे नांगर टाकील तिथून तिच्या तोफांचा मार तटावर नेमका बसत नाही. कान्होजींच्या गुराबा आणि गलबते ही हलकी लढाऊ जहाजे याच पाण्यात वल्ह्यांवर फिरत असत. मॅथ्यूजच्या चार नौकांची ताकद खरी होती, पण ती खोल समुद्रातली होती, आणि लढाई उथळ पाण्यात होती. समुद्रावरून येणारी रसद तोडता आली असती, हे मान्य; पण किल्ल्याची रसद आणि कुमक जमिनीकडून येत होती.

इंग्रजांना हे अजिबात कळत नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. इंग्रजी कागदांत मुख्य हल्ल्याची तारीख २४ डिसेंबर १७२१ आहे. इंग्रज तेव्हा जुने पंचांग वापरत, जे आजच्या पंचांगापेक्षा अकरा दिवस मागे होते. म्हणून ती आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १७२२. चांद्रमासांचे गणित मागे नेऊन पाहिले तर त्याआधी एक-दोन दिवस पौर्णिमा येते. म्हणजे हल्ला पौर्णिमेनंतरच्या उधाणात झाला, जेव्हा ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते आणि वाळू सर्वांत जास्त उघडी पडते. कोळी लोकांचा हिशेब आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया धरली तर दीड वाजता भरती आणि साडेसातच्या सुमारास ओहोटी. हा दिवस योगायोगाने निवडला गेला असे मला वाटत नाही. त्यांच्याबरोबर स्थानिक पाणी जाणणारी माणसे असणारच. पण ज्या उधाणात वाट सर्वांत चांगली उघडते, त्याच उधाणात ती सर्वांत वेगाने बंदही होते.

इथपर्यंत जे सांगितले त्याने फार तर किल्ला अवघड होता एवढे सिद्ध होते. अवघड किल्लेही वेढा घालून, मोर्चे पुढे सरकवून, उपासमार करून घेता येतात, आणि कुलाब्याच्या समोर तर मोर्चे लावायला लांबलचक किनारा आहे. तेव्हा वेढा घालायला त्यांना सवड का मिळाली नाही, हे पाहिले पाहिजे, आणि माझ्या मते या स्वारीच्या अपयशाचे मूळ तिथे आहे.

या तयारीची बातमी लपली नव्हती. कान्होजींनी साताऱ्याला शाहू महाराजांकडे मदत मागितली होती, आणि पिलाजी जाधवरावांची घोडेस्वार फौज कोकणात उतरली. पाठोपाठ बाजीराव पेशवे स्वतः आले. बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. घोडदळ अलिबागच्या किनाऱ्यावर आले आणि वेढ्याचे चित्र उलटे झाले. किल्ल्याकडे तोंड करून बसलेल्या फौजेची पाठ जमिनीकडे उघडी पडली. समोर किल्ल्यातील शिबंदी, जी ओहोटीला बाहेर पडून छापा घालू शकत होती. मागे मराठ्यांचे स्वार. आणि स्वतःच्या नौका दूर, खोल पाण्यात. वेढा घालणारेच वेढले गेले. या अवस्थेत सावकाश खिंडार पाडत बसायला वेळ नसतो. घाईने सुलतानढवा, म्हणजे सर्व बळानिशी थेट हल्ला, करावा किंवा उठून जावे, एवढेच उरते. त्यांनी सुलतानढवा केला.

त्या दिवशी इंग्रजांनी शिड्या घेऊन किल्ल्यावर चाल केली आणि ती परतवली गेली. मराठ्यांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या बाजूवर धडक मारली, पोर्तुगीज फळी मोडली, आणि ती पळताना पाहून इंग्रजांच्या फळीतही गोंधळ उडाला. तोफा आणि दारूगोळा मागे टाकून माघार घ्यावी लागली. मॅथ्यूजची स्वतःची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. या मोहिमेत किनाऱ्यावर असताना एका मराठा स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. कमोडोरने चिडून घोड्यावरून त्याचा पाठलाग केला, पिस्तुले रोखली, आणि तेव्हा लक्षात आले की ती भरलेलीच नाहीत. हल्ला फसल्यावर तो नौकेवरून संतापाने किनाऱ्यावर आला आणि त्याने पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताच्या सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली. व्हाइसरॉयलाही फारशी बरी वागणूक दिली नाही. हे मोहिमेत हजर असलेल्या एका इंग्रज माणसानेच लिहून ठेवले आहे, त्यामुळे शत्रूने केलेली बदनामी म्हणून ते सोडून देता येत नाही.

आता दगाबाजी. पोर्तुगीजांनी ९ जानेवारी १७२२ रोजी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला. इंग्रजी तारीख २४ डिसेंबर आणि पोर्तुगीज तारीख ९ जानेवारी अशा शेजारी ठेवल्या तर मध्ये सोळा दिवस दिसतात. पण पोर्तुगीज नवे पंचांग वापरत होते. दोन्ही तारखा एकाच मापाने मोजल्या तर मध्ये पाचच दिवस उरतात. एवढ्या थोड्या दिवसांत तह पुरा होतो याचा अर्थ बोलणी हल्ल्यानंतर लगेच, कदाचित त्याच्याही थोडी आधी, सुरू झाली असणार. म्हणून इंग्रजांचा संशय अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण तह हल्ला फसल्यानंतर झाला आहे. हल्ला फसल्याचे कारण म्हणून तो दाखवणे म्हणजे गाडीला बैल मागून जुंपणे होय.

आणि पोर्तुगीजांच्या जागी बसून पाहा. इंग्रजांकडे मुंबईचे बेट होते. मोहीम फसली तर नौकांवर चढायचे आणि घरी जायचे. पोर्तुगीजांकडे वसई, साष्टी, चौल, दमण असा लांब प्रांत होता, आणि त्याला मराठी मुलुखाची जमिनीवरची सरहद्द लागून होती. बाजीरावांची फौज कुलाब्यासमोर उभी होती ती दुसऱ्या दिवशी चौलच्या किंवा साष्टीच्या दारात जाऊ शकत होती. ज्याला सगळ्यात जास्त गमवायचे आहे त्याने आधी हात आखडता घेतला, यात मला विशेष नीचपणा दिसत नाही. ही जोडी जुळवतानाच दोघांच्या जोखमीत एवढा फरक आहे हे बूनने ओळखायला हवे होते. मानापानावरून दोन्ही छावण्यांत जी कुरबूर झाली तिला मी दुय्यम मानतो. जिंकणाऱ्या फौजांतही ती असतेच.

दगाबाजीचे स्पष्टीकरण हरणाऱ्याला किती सोयीचे असते याचे याच मालिकेत एक वाईट उदाहरण आहे. १७१८ मध्ये खांदेरीवरचा हल्ला फसल्यावर मुंबईतील धनाढ्य व्यापारी रामा कामती यांच्यावर कान्होजींशी संधान बांधल्याचा आरोप ठेवला गेला, १७२० मध्ये त्यांच्यावर खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि ते कैदेतच १७२८ मध्ये वारले. ज्या पत्रांच्या आधारे हे झाले ती बनावट होती असे पुढे उघड झाले. मुंबईत वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा उभारणारे ते हेच.

खांदेरीचा उल्लेख आलाच आहे तर माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगतो. जमिनीवरची कुमक हे कारण सगळीकडे लागू पडत नाही. खांदेरी हे किनाऱ्यापासून दूर समुद्रातले बेट आहे. तिथे घोडदळ पोचण्याचा प्रश्नच नाही, तरी १७१८ चा हल्ला फसला, कारण तिथे खडकांमुळे उतरण्याच्या जागा थोड्या आणि त्या सगळ्या तोफांच्या माऱ्यात. विजयदुर्गाचे दुखणे आणखी वेगळे. तिथे वाघोटन खाडी आतमध्ये जाते आणि आरमार तिच्यात सुरक्षित राहते. किल्ला कसा आहे, पाणी किती आहे, मागे मुलूख कोणाचा आहे आणि त्या वर्षी तो कोणाच्या बाजूने आहे, यावर उत्तर बदलते. कुलाब्यापुरते आतापर्यंतचे थोडक्यात असे : उथळ पाण्याने नौकांची ताकद निकामी केली, ओहोटीने हल्ल्याला मोजके तास दिले, घोडदळाने वेढ्याला सवड दिली नाही, आणि मग फुटीने उरलेले काम केले. क्रम हाच धरावा.

परिणामांकडे वळतो. तत्काळ परिणाम असा की इंग्रज एकटे पडले आणि काही दिवसांतच निघून गेले. बूनची गव्हर्नरकी तेव्हा संपतच आली होती आणि त्याच्या जागी विल्यम फिप्स आला. मॅथ्यूजने पुढचा बराच काळ हिंदी महासागरात खाजगी व्यापार करण्यात घालवला, परत गेल्यावर १७२४ मध्ये त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला, आणि शिक्षा झाली ती चार महिन्यांच्या पगाराची. रामा कामतींच्या शिक्षेशेजारी ही ठेवून पाहावी. हाच मॅथ्यूज पुढे ॲडमिरल झाला, १७४४ मध्ये तुलाँच्या लढाईत स्वतःच्या हाताखालच्या सेनानीशी असलेल्या वैरामुळे पुन्हा गोत्यात आला आणि १७४७ मध्ये नौदलातून बडतर्फ झाला. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

कान्होजींची जरब वाढली. १७२४ मध्ये डच सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर आले आणि तेही हात हलवत गेले. त्याच सुमारास फिप्सशी झालेल्या पत्रव्यवहारात, परक्याच्या मालाची हाव धरल्याच्या आरोपाला कान्होजींनी असे उत्तर दिले की त्या हावेतून व्यापारीही सुटलेले दिसत नाहीत. ४ जुलै १७२९ ला त्यांचे निधन झाले तोपर्यंत इंग्रजांना त्यांचा एकही महत्त्वाचा किल्ला घेता आला नाही.

पोर्तुगीजांना तहाने सवड मिळाली, सुटका मिळाली नाही. त्यांची सरहद्द किती उघडी आहे हे बाजीरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. १७३७ मध्ये साष्टीवर चाल झाली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वसईला वेढा पडला असताना मुंबईकर इंग्रजांनी थोडीफार मदत केली, पण फौज उतरवून लढाईत उडी घेतली नाही, आणि वसई पडल्यावर त्याच वर्षी मराठ्यांशी तह करून टाकला. १७२१ ची कटुता हे त्याचे एकमेव कारण नव्हते, मुंबईत तेवढे बळच नव्हते. पण कुलाब्याच्या वाळूवर ज्यांनी एकमेकांना पळताना पाहिले होते त्यांच्यात पुन्हा तशी युती जमली नाही हे खरे. ज्या चौलहून स्वारी निघाली ते चौल १७४० च्या तहाने मराठ्यांकडे गेले.

सर्वांत दूरगामी परिणाम मात्र इंग्रजांच्या शिकण्याचा आहे, आणि तो मराठी वाचकाला कडू लागतो. कान्होजींच्या मागे आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी झाली. मानाजी कुलाब्याला आणि संभाजी, त्यानंतर तुळाजी, दक्षिणेकडे, अशी वाटणी पडली. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले. १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकरांशी करार केला, कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. या वेळी जमिनीच्या बाजूला मराठ्यांची फौज होती, पण ती इंग्रजांच्या पाठीवर येणारी नव्हती. ती किल्ल्याची वाट अडवून बसली होती. तुळाजी वाटाघाटींसाठी पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तिथून परत आला नाही. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि खाडीतले आंग्र्यांचे आरमार जळाले. १७१७ पासून ज्या किल्ल्याने तीन टोपीकर (युरोपीय) मोहिमा परतवल्या तो दोन दिवसांत पडला. १७५६ च्या नौका आणि तोफा १७२१ पेक्षा जास्त आणि चांगल्या होत्या, हे नोंदवले पाहिजे. पण माझ्या लेखी निर्णायक फरक जमिनीवरचा होता. नानासाहेबांनी आरमार बुडवले असे जे एका वाक्यात म्हटले जाते ते मला घाईचे वाटते, कारण तुळाजीनेही त्यांना कमी सतावले नव्हते. तरी किनाऱ्यावरचे गणित त्यांच्यापेक्षा इंग्रजांना नीट समजले होते, एवढे म्हणावेच लागते.

शेवटी कोल्हापूरचा संबंध. कान्होजी आधी महाराणी ताराबाईंच्या पक्षाला होते. १७१३ मध्ये त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैदही केले होते. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले, कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेली आणि किल्ले त्यांच्याकडे कायम झाले, आणि त्याच सुमारास बाळाजींना पेशवेपद मिळाले. आठ वर्षांनी त्याच बाळाजींचा मुलगा फौज घेऊन कुलाब्याला आला तो या समेटामुळे. कान्होजी पन्हाळ्याच्या, म्हणजे ताराबाईंच्या, बाजूलाच राहिले असते तर १७२१ मध्ये साताऱ्याची फौज घाट उतरली असती का, याची मला दाट शंका आहे. आणि पन्हाळ्यावर १७१४ मध्ये झालेल्या सत्तापालटानंतर तिथून तेवढी कुमक येणेही कठीण होते. कोल्हापूरकरांना हा हिशेब थोडा बोचतो, पण तो तसाच आहे.

कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्वतःचे आरमार मालवणला, सिंधुदुर्गाच्या आश्रयाने होते, आणि त्यालाही इंग्रजांशी सामना करावा लागला. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले, आणि पुढच्या वर्षी तह करून तो कोल्हापूरला परत दिला. तेव्हा इथला कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. १८१२ च्या तहाने मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. तो विषय कुलाब्याइतकाच मोठा आहे. आपण पुढच्या सुट्टीत मालवणला जाणार असाल तर वेगळा प्रश्न टाका, सविस्तर लिहीन. आणि कुलाब्याला पुन्हा गेलात तर तिथी पाहून जा : द्वितीया किंवा तृतीया धरा, सकाळच्या ओहोटीला आत जा, महादरवाजातून किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, आणि शिड्या घेऊन येणाऱ्यांना किती अंतर उघड्यावर तुडवावे लागले असेल ते मोजा.